मदत हवी आहे: हिवाळ्यातला वीकेंड, इंग्लंडचा आग्नेय किनारा आणि सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी,

आम्ही लंडनजवळ स्लाउला असतो. माझे आई-बाबा जालन्याहून आले आहेत, मार्चमध्ये परत जातील. लंडन झालं, बाथ झालं, ऑक्सफर्डही झालं. आता समुद्रकाठची जुनी गावं बघायची टूम निघाली आहे आणि त्यात बाबांनी एक जागा पक्की धरली आहे: वॉल्मर कासल. कारण वेलिंग्टन.

बाबा इतिहासाचे शिक्षक होते. पोरांना घेऊन असईला कितीदा गेले असतील, त्याची गणती नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तो १८५२ मध्ये वॉल्मरच्या किल्ल्यात आरामखुर्चीत बसल्याबसल्या गेला आणि ती खुर्ची अजून तिथे ठेवलेली आहे. "आपल्याकडे धुमाकूळ घालून गेलेला माणूस शेवटी कुठे टेकला ते बघू तरी," इति बाबा. वॉटर्लूचं नाव काढायची सोय नाही. खुद्द वेलिंग्टनने आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेतलं होतं, हे ऐकवल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही.

नवऱ्याला मात्र राय हे जुनं गाव बघायचं आहे. तिथल्या मर्मेड स्ट्रीटचे फोटो पाहून तो हरखला आहे. हेस्टिंग्ज आणि डोव्हरही 'वाटेतच' आहेत असं नकाशावर दिसतं.

आता अडचणी. आईचा डावा गुडघा दुखतो. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालते, चढ-उतार आला की बसते. ती शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. लेक चार वर्षांची. गाडी आहे, पण अंधारात अनोळखी अरुंद रस्त्यांवर चालवायची आमची दोघांचीही तयारी नाही, म्हणून रेल्वे.

कच्चा बेत असा: शनिवारी सकाळी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून अ‍ॅशफर्ड, तिथून राय, दुपारी हेस्टिंग्ज, तिथेच मुक्काम. रविवारी डोव्हर कासल, मग डील आणि वॉल्मर, रात्री घरी. जमेल का? जानेवारीअखेर बरी की फेब्रुवारी? आणि तिकिटं कशी काढायची, कारण पाच जणांचा आकडा बघून मला घेरी आली.

---

केंटवासी:

स्पष्टच सांगतो, हा बेत चार दिवसांचा आहे. नकाशावर जवळ दिसतं, पण राय-हेस्टिंग्जची लाइन वेगळी आणि डोव्हर-डीलची वेगळी. एकीकडून दुसरीकडे जायचं तर परत अ‍ॅशफर्डला येऊन गाडी बदलायची. अ‍ॅशफर्ड ते राय डिझेलची छोटी गाडी तासाला एक. ती चुकली तर फलाटावर तासभर वारा खायचा. त्यात जानेवारीत सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे बघण्याचा दिवस जेमतेम दहा ते चार.

बाबांना वॉल्मर हवं आहे ना? मग मुक्काम डीलला करा आणि बाकी सगळं त्याभोवती बसवा. डील अख्खं सपाट आहे. सेंट पँक्रसहून थेट हायस्पीड गाडी आहे, साधारण दीड तास धरा. स्टेशनपासून समुद्र चालत काही मिनिटांवर. डील कासलपासून वॉल्मर कासलपर्यंत समुद्राच्या कडेने फरसबंद रस्ता आहे, रमतगमत अर्धा-पाऊण तास, बसायला बाकं आहेत. आईंना जमेल. नाही जमलं तर टॅक्सी.

बाबांना डील कासलही आवडेल. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली, फ्रान्स आणि स्पेन एकत्र चालून येतील अशी भीती पडली, तेव्हा १५३९-४० मध्ये डील, वॉल्मर आणि सँडाउन असे तीन किल्ले ओळीने बांधले. सगळे तोफांसाठी. त्यामुळे उंच मनोरे नाहीत. बुटके, जाड, गोल बुरूज एकमेकांना चिकटून. वरून पाहिलं तर फुलाच्या पाकळ्या. आत खाली बुरुजांच्या पायाशी एक अरुंद बोळ सगळ्या किल्ल्याला फेरी मारतो, ठरावीक अंतरावर खंदकाकडे तोंड केलेल्या बंदुकीच्या जंग्या. बाबांना पाठवा, आईंना वरच थांबवा, कारण तिथे अंधार आणि ओल असते.

रविवारी सकाळी एक स्टेशन पुढे सँडविचला जा. हे एकेकाळचं मोठं बंदर. गाळाने भरत गेलं आणि समुद्र लांब गेला, म्हणून गाव जुन्या काळातच थिजून राहिलं. सपाट, लहान, लाकडी चौकटीची घरं. लेकीला सांगा की १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला पाठवलेला हत्ती याच बंदरात उतरवला होता. मग ती आपणहून चालेल.

डोव्हर कासल यावेळी सोडा. तो किल्ला उत्तमच आहे: बाराव्या शतकातला हेन्री दुसऱ्याचा बालेकिल्ला, शेजारी रोमन दीपगृह, पोटात १९४० मध्ये डंकर्कमध्ये अडकलेल्या सैन्याची सुटका जिथून आखली गेली ते बोगदे. पण सगळा चढ आणि पायऱ्या, आणि नीट बघायला पूर्ण दिवस हवा. दोन तासांत उरकणं म्हणजे पैसे पाण्यात.

तिकिटांचं: लेक पाच वर्षांखालची आहे, तिला तिकीट नाही. चार मोठे एकत्र म्हणजे ग्रुपसेव्ह लागू होतं, ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळेबाहेरच्या, तिकिटावर एक तृतीयांश सूट. सवलतीचं रेलकार्ड काढायची गरज नाही. फक्त सेंट पँक्रसहून जायचं तर तिकीट हायस्पीडला चालणारं घ्या, नाहीतर गाडीत फरक भरावा लागतो.

आणि तारखा. हिवाळ्यात हे किल्ले बहुतेक शनिवार-रविवारच उघडतात, तेही चारपर्यंत. फेब्रुवारीत शाळांच्या हाफ टर्मची सुट्टी असते, त्या आठवड्यात बरंच काही रोज उघडतं आणि सूर्यही पाचपर्यंत असतो. राहायचं थोडं महाग पडेल, पण मी तेच निवडेन. हे किल्ले सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज संस्थेच्या साइटवर त्या त्या दिवसाची वेळ बघूनच तिकीट काढा. रेल्वेची रविवारची कामंही बघा. गाडीऐवजी बस लावलेली असेल तर तुमचा अर्धा दिवस गेला.

---

भटकभवानी:

वरच्या प्रतिसादाशी बऱ्याच अंशी सहमत, पण रायवर इतकी काट मारू नका हो! रायची मजा दिवसा नाहीच. चारनंतर लंडनचे पर्यटक गाडी पकडतात, गाव रिकामं होतं, गल्ल्यांत दिवे लागतात आणि चुलाण्यांचा धूर येतो. हिवाळ्यातच बघावं असं गाव आहे ते. मर्मेड इन या जुन्या सराईची तळघरं बाराव्या शतकातली, वरची इमारत १४२० ची. अठराव्या शतकात हॉकहर्स्ट टोळीचे स्मगलर तिथे टेबलावर पिस्तुलं ठेवून दारू पीत बसायचे. सेंट मेरीज चर्चमधल्या सोळाव्या शतकातल्या घड्याळाचा लंबक तर आत, चर्चमध्येच लोंबतो. बाकावर बसून मान वर केली की तो डोक्यावरून सावकाश इकडून तिकडे जाताना दिसतो. १३७७ मध्ये फ्रेंचांनी गाव जाळून याच चर्चच्या घंटा पळवल्या होत्या आणि पुढच्या वर्षी राय-विंचेल्सीवाल्यांनी फ्रान्सवर चाल करून त्या परत आणल्या.

पण आईंच्या गुडघ्याचं खरं आहे. मर्मेड स्ट्रीटचे गोटे गोल, वरखाली आणि पाऊस पडला की बुळबुळीत. फोटोत ते कळत नाही. त्यांना वर चर्चच्या बाजूने, हाय स्ट्रीटवरून न्या. तिथला चढ सोसण्यासारखा आहे. मर्मेड स्ट्रीट नवऱ्याने एकट्याने उतरून यावी, दहा मिनिटांचं काम.

बेतापुरतं म्हणाल तर राय वेगळ्या शनिवारी, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिथे राहायला बघू नका, वीकेंडला बरेच जण दोन रात्रींखाली खोली देत नाहीत.

---

खादाडखाऊ:

जेवणाकडे कोणाचंच लक्ष नाही म्हणून लिहितो. चिप्स शाकाहारी असतात असं धरून चालू नका. काही दुकानांत त्या गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे ऑर्डर देण्याआधी तेल कुठलं ते विचारा. कढई माशांची आणि चिप्सची एकच का, हेही. आईंसाठी बिनधोक म्हणजे भाजलेला बटाटा, वर बीन्स आणि चीज. जवळपास प्रत्येक कॅफेत मिळतो. रविवारच्या पब जेवणात मांसाऐवजी सुक्यामेव्याचं नट रोस्ट असतं, पण त्यात बरेचदा अंडं असतं आणि यॉर्कशायर पुडिंगमध्ये तर असतंच.

दुसरं म्हणजे वेळ. पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होऊन संध्याकाळी सहाला उघडतं, आणि रविवारी रात्री पुष्कळ ठिकाणी उघडतच नाही. धपाटे आणि दाण्याची चटणी सोबत ठेवा. थर्मासमध्ये चहा. वाऱ्यात छत्री उलटी होते, तिचा उपयोग शून्य. माकडटोपी आणा, कोणी बघत नाही.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार! घरात बैठक झाली. हाफ टर्मचा शनिवार-रविवार, मुक्काम डीलला. शनिवारी वॉल्मर आणि डील कासल, रविवारी सँडविच आणि दुपारच्या गाडीने परत. राय मार्चच्या पहिल्या शनिवारी, आईने परस्पर जाहीर केलं की त्या दिवशी ती आणि नात घरी थांबणार, "तुम्ही जा आणि ते गोटे तुडवा." नवरा खूश. हेस्टिंग्ज बाद. बाबा जरा हिरमुसले, कारण १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई, पण ती लढाई मुळात हेस्टिंग्जला झालीच नाही, तिथून आत बॅटल नावाच्या गावी झाली, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं आणि वर म्हणाले, मग समुद्रकाठच्या यादीत ते येतंच कुठे?

एकच शंका उरली. वॉल्मरच्या किल्ल्यात वेलिंग्टनची खोली कुठल्या मजल्यावर? आईला तिथवर जाता येईल?

---

केंटवासी:

खोल्यांपर्यंत पायऱ्या आहेत, पण थोड्या, आणि कठडा धरून चढता येतात. आईंनी सावकाश घ्यावं, आत गेल्यावर दालनं एका पातळीवर आहेत. घाई नको म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जा, गर्दी नसते. खोली लहान आहे, पलंगही साधा, शिपायासारखा. आणि हो, तिथे वेलिंग्टनचे बूटही मांडलेले आहेत. बाबांना खोल्यांमधल्या स्वयंसेवकांशी बोलू द्या. ही मंडळी बहुतेक निवृत्त असतात, प्रश्न विचारणारा पाहुणा मिळाला की खुलतात. असईहून आलोय म्हणाले तर तुमचं डील कासल त्या दिवशी राहून जाणार, बेत आखताना तेवढी सवड ठेवा.