मदत हवी आहे: बीबीसी मायक्रोला रास्पबेरी पाय झीरो जोडला, पण ट्यूब दिसत नाही

नमस्कार मंडळी,

बाबा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. १९८४ मध्ये केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीच्या २५० शाळांमध्ये त्यांच्या शाळेचा नंबर लागला आणि बीबीसी मायक्रो (ॲकॉर्न कंपनीचे संगणक) आले. पुढे ते निर्लेखनात निघाले तेव्हा बाबांनी रीतसर पैसे भरून त्यातला एक घरी आणला. मॉडेल बी, २ मेगाहर्ट्झचा ६५०२, ३२ केबी रॅम. तो पंचवीस वर्षं माळ्यावर होता.

मी तो खाली काढला त्याचं कारण बाबांची चौकटीची वही. हवेचा विरोध धरून फेकलेल्या चेंडूचा मार्ग काढणारा एक बेसिक प्रोग्राम त्यांनी मुलांसाठी लिहिला होता. प्रत्येक टप्प्याला रेमची, म्हणजे नुसत्या टिपणीची ओळ, रोमन अक्षरांत पण मराठीत. ओळ ३४० वर आहे, 'इथे उभा वेग शून्य, चेंडू क्षणभर थांबतो'. पण या ओळी शाळेत कधी पडद्यावर आल्याच नाहीत. आलेख नीट दिसावा म्हणून मोड ० हवा (६४० गुणिले २५६ ठिपके), आणि त्या मोडला एकट्या पडद्यासाठी २० केबी लागतात. साडेतीन केबी यंत्र स्वतःसाठी ठेवतं. उरतात साडेआठ. 'नो रूम' येत राहिलं आणि बाबांनी एकेक रेम काढून टाकली. वहीत त्या सगळ्या पेन्सिलीने आडव्या रेघा मारून खोडल्या आहेत. त्या ओळी परत आणायच्या आहेत, त्याच यंत्रावर.

यंत्राखालच्या ट्यूब कनेक्टरला दुसरा प्रोसेसर लावला की प्रोग्राम पलीकडे चालतो, पडद्याची मेमरी अलीकडेच राहते आणि मोड कुठलाही असला तरी बेसिकला ३० केबी मिळतात. ॲकॉर्नचा मूळ दुसरा प्रोसेसर आता कुठून आणू? म्हणून पाय झीरो या छोट्या संगणकावर पायट्यूबडायरेक्ट टाकलं, म्हणजे त्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर.

आतापर्यंत केलेलं: पॉवर सप्लायमधले जुने रिफा कपॅसिटर आधी बदलून घेतले. दोघांनाही केसाएवढ्या चिरा गेल्या होत्या. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर हे केल्याशिवाय प्लगला लावू नका, धूर काढतात. बीबीसीच्या बसवर ५ व्होल्ट आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, म्हणून मधे लेव्हल शिफ्टरचा बोर्ड आहे. ४० तारांची पट्टी केबल, बोटभर लांबीची. पायचा दिवा लागतो. पण पडद्यावर 'ॲकॉर्न ट्यूब' यायला हवं तिथे नेहमीचंच 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' येतं. *एफएक्स १५१,२३०,१ (पायने कोणता प्रोसेसर व्हायचं ते निवडणारी आज्ञा) देऊन कंट्रोल-ब्रेक केलं तरी फरक नाही. केबल दोनदा काढून लावली, कार्ड नव्याने लिहिलं.

एक विनंती. आतला बोर्ड काढून खोक्यात पाय बसवा आणि एम्युलेटर चालवा, हा सल्ला कृपया नको. तो सोपा आणि स्वस्त आहे हे मला माहीत आहे. पण मग बाबांच्या बोटांखाली नुसता कीबोर्ड उरेल. मला काहीही कापायचं नाही, भोक पाडायचं नाही. उद्या पाय काढला तर यंत्र १९८४ सारखंच राहिलं पाहिजे.

प्रतिसाद १

पायला वेगळा मोबाइलचा चार्जर लावला आहे का? लावला असेल तर आधी काढा. झीरोला पुरेल एवढा ५ व्होल्टचा पुरवठा ट्यूबच्या पिनांतूनच येतो. दोन पुरवठे एकमेकांवर आले तर एक दिवस पस्तावाल.

आणि *हेल्प लिहून एंटर मारा. काय येतं ते जसंच्या तसं इथे टाका.

धागाकर्ता

चार्जर नाही. *हेल्पला फक्त 'ओएस १.२०' येतं, बाकी काही नाही.

प्रतिसाद २

दादा, तुमचा पाय बरोबर आहे, केबलही बरोबर असणार. यंत्रात एक रॉम (कायमचा प्रोग्राम असलेली चिप) कमी आहे.

चालू होताना ओएस ट्यूबच्या पत्त्यावर डोकावतं. पलीकडे कोणी आहे असं दिसलं की ते सगळ्या रॉमना विचारतं, ट्यूबशी कोण बोलणार? कोणीच पुढे आलं नाही तर काही न बोलता नेहमीसारखं सुरू होतं. ना चूक दाखवत, ना बीप. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. ती *एफएक्सची आज्ञा तर थेट पत्त्यावर आकडा लिहिते, म्हणून ती मुकाट्याने घेतली जाते आणि काही समजत नाही. मी यात दोन आठवडे घालवले आहेत.

ट्यूबशी बोलणारा कोड मॉडेल बीमध्ये डीएनएफएस नावाच्या रॉममध्ये असतो. फ्लॉपीच्या यंत्रांत तो असायचा. शाळेतला तुमचा कॅसेटवरचा, त्यात तो कधी घातलाच नसणार. फ्लॉपीचं सर्किट नसलं तरी रॉममधलं ट्यूबचं काम चालतं. २७१२८ ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम) घ्या, १६ केबीची. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. विकणाऱ्याला ती लिहून द्यायलाही सांगा. लिहून झाल्यावर काचेच्या खिडकीवर स्टिकर लावायला विसरू नका.

कीबोर्डचे बोल्ट काढून तो बाजूला केला की खाली उजवीकडे आयसी ५२, ८८, १०० आणि १०१ अशी सॉकेट दिसतील. एकात बेसिक असेल, दुसऱ्या मोकळ्यात ही बसवा. खाच बेसिकच्या चिपच्या खाचेच्या दिशेलाच. सगळ्या पिना सॉकेटात उतरल्यात ना ते टॉर्च लावून बघा, एखादी पोटाखाली दुमडली जाते. सॉकेट मुळातच आहे, म्हणजे तुमची न कापण्याची अटही पाळली जाते.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. आर्म या प्रोसेसरची पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये ॲकॉर्नमध्ये चालू झाली आणि १९८६ मध्ये ती विकत मिळाली ती बीबीसी मायक्रोच्या ट्यूबला लावायचा दुसरा प्रोसेसर म्हणूनच. तुमच्या पायमध्ये आर्मच आहे. म्हणजे तुम्ही परकं काही जोडत नाही आहात, ते घरी परत आलंय.

पुढेमागे वेगवान मिळतो म्हणून पाय ५ घेऊ नका. त्याच्या पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमागे आहेत, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर होतो आणि इथे बसचं एक चक्र अर्ध्या मायक्रोसेकंदाचं. झीरो उत्तम.

धागाकर्ता (अकरा दिवसांनी)

तपकीर गल्लीत दुसऱ्याच दुकानात २७१२८ मिळाली, जुनी काढलेली. त्यांनीच पुसून लिहून दिली. आयसी ८८ मध्ये बसवली. चालू केल्यावर 'ॲकॉर्न ट्यूब ६५०२ ६४के' आलं. मी बाबांना हाक मारली, त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि काही न बोलता वही आणायला गेले.

मोड ० मध्ये पेज आणि हायमेम (बेसिकच्या जागेची सुरुवात आणि शेवट) छापून पाहिले, वजाबाकी बरोबर ३०७२०.

एक अडचण आली. चेंडू दिसेनासा झाला, एकदम पूर्ण वक्ररेषाच उमटायची. बाबांनी वेळ काढायला रिकामा फॉर-नेक्स्ट टाकला होता, तो पायवर क्षणात संपतो.

प्रतिसाद २

*एफएक्स १५१,२३०,१ आणि कंट्रोल-ब्रेक. मागे दिली होतीत तीच, आता लागू पडेल. त्यात ३ मेगाहर्ट्झचा ६५०२ मिळतो, ॲकॉर्नच्या मूळ दुसऱ्या प्रोसेसरएवढाच वेग.

धागाकर्ता

लागू पडली. तीनास दोन या प्रमाणात बाबांनी फॉर-नेक्स्टचा आकडा स्वतः वाढवला. चेंडू पुन्हा सावकाश वर जातो.

सध्या बाबा रोज संध्याकाळी वीस-पंचवीस ओळी घालतात. ओळ ३४० काल घातली. कॅसेट डेकचा पट्टा चिकट होऊन तुटलाय, त्यामुळे प्रोग्राम साठवता येत नाही आणि रात्री यंत्र बंदच करत नाही. यूजर पोर्टवर एसडी कार्ड आणि ते वाचणारं एमएमएफएसचं रॉम कोणी बसवलं असेल तर जोडणी कशी केली ते सांगाल का? दोन सॉकेट अजून मोकळी आहेत. वीज जायच्या आत हवं आहे.