शब्दचर्चा: पडीक जमीन फोडून वस्ती करणाऱ्याला काय म्हणावं?

प्रश्न:
अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या पहिल्या शेतकऱ्यांवर लेख लिहायला घेतलाय. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबप्रमुखाला किंवा २१ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही १६० एकर सरकारी जमीन मिळायची. किरकोळ फी भरायची, जागेवर पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची, की ती नावावर. विधवा आणि अविवाहित बायकाही अर्ज करू शकत. कायदा अमलात आला तो दिवस १ जानेवारी १८६३, आणि त्याच दिवशी बीट्रिस गावाजवळच्या जमिनीसाठी डॅनियल फ्रीमननं अर्ज केला.

अडलंय ते 'पायोनियर' या शब्दाशी. कोशातून 'अग्रदूत' उचलला तर फ्रीमन समाजसुधारक वाटायला लागतो. 'वसाहतकार' म्हटलं की डोळ्यांपुढे ईस्ट इंडिया कंपनी. नांगरधारी माणसाला शोभेल असं काय आहे आपल्याकडे?

प्रतिसाद:
'पायोनियर' हा मुळात फौजेतलाच शब्द. पुढे जाऊन रस्ता मोकळा करणारा, खंदक खणणारा पायदळी माणूस. आपल्याकडे आघाडीच्या तुकडीला बिनी म्हणत, 'बिनीचा शिलेदार' आजही वर्तमानपत्रात दर आठवड्याला कुणीतरी असतोच. पण खणायचं काम बेलदारांचं. अर्थानं बेलदार जवळचा, मान मात्र शिलेदाराला! शेतीसाठी दोन्ही कामाचे नाहीत.

प्रतिसाद:
फौज सोडा, दप्तरात शोधा. गावात वंशपरंपरेनं जमीन धरून असलेला तो मिरासदार. बाहेरून येऊन कसणारा, मिरासी हक्क नसलेला तो उपरी. ओसाड गाव पुन्हा वसवायचं तर कौल द्यायचे, म्हणजे सवलतीचं लेखी अभय. सारा इस्ताव्यानं लावायचा: पहिल्या वर्षी नाममात्र, मग दरसाल थोडा वाढवत पूर्ण दरापर्यंत. शिवाजी महाराजांचं १६७६चं प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र पाहा. गावोगाव फिरून कुणबी गोळा करा, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल आणि दाणे नाहीत त्याला ते द्या, आणि नंतर व्याज न लावता फक्त मुद्दल हळूहळू वसूल करा, असा त्याचा आशय आहे. तुमचा फ्रीमन आला तो उपरी म्हणून, पाच वर्षांनी झाला मिरासदार. एका शब्दात दोन्ही कसं बसवणार?

प्रतिसाद:
काका, उपरी छान आहे, पण आज 'उपरा' शिवीसारखा लागतो. शिवाय आपल्याकडचा नवा कुणबी गावातच राहायचा. पांढरीत घर, काळीत शेत. तिकडे कायद्यानंच ज्याला त्याला आपापल्या १६० एकरांत राहायला लावलं, त्यामुळे शेजारी अर्ध्या मैलावर. आमच्याकडे नगर जिल्ह्यात विचारतात, "गावात राहता का वस्तीवर?" मळ्यातलं, गावापासून सुटं घर म्हणजे वस्ती. होमस्टेडला यापेक्षा जवळचा शब्द मला दिसत नाही. माणसाला 'वस्तीकर' म्हणा हवं तर, थोडा ओढूनताणून आहे खरा.

प्रतिसाद:
'वसाहतकार' टाळायची एवढी घाई का? ती जमीन रिकामी नव्हती. बीट्रिसच्या दक्षिणेला बिग ब्लू नदीकाठी ओटो-मिझुरिया लोकांची राखीव जमीन होती, १८८१मध्ये त्यांना तिथून हलवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. 'ओसाड', 'पडीक' हे शब्द या लेखात जपून वापरा, धाग्याच्या शीर्षकातही आहे एक. कौल देणारा राजा आपल्या मुलखातलं उजाड गाव वसवत होता. इथे दुसऱ्याच्या पायाखालची जमीन वाटली गेली. निदान एकदा तरी 'वसाहतकार' येऊ द्या. कंपनी आठवली तर आठवू दे.

प्रश्नकर्ती:
हे पटलं. दोन्ही ठेवते: व्यवस्थेबद्दल बोलताना वसाहतकार, घरादाराबद्दल बोलताना वस्ती. आता बारीक अडचणी. झाडंच नाहीत, म्हणून घरं गवताळ जमिनीचीच. नांगरानं मुळांसकट मातीचे लांब पट्टे काढायचे, त्यांचे हातभर लांबीहून मोठे तुकडे तोडायचे आणि गवत खाली करून विटांसारखे रचायचे. गमतीनं त्याला 'नेब्रास्काचा संगमरवर' म्हणत. 'विटा' लिहू का? आणि सरपण नाही म्हणून रानातलं वाळलेलं शेण चुलीत, आधी तिकडच्या बायसनचं, पुढे गुरांचं. तिथे 'गोवऱ्या' लिहिलंय.

प्रतिसाद:
ताई, गोवरी नको! गोवरी थापतात. तिच्यावर बाईच्या पाची बोटांचे ठसे असतात. रानात पडून आपोआप वाळलेली ती रानशेणी. वैद्य लोक भस्माला हीच मागतात. तुमच्या वस्तीवरची बाई टोपली घेऊन जे गोळा करत फिरायची ते हेच.

प्रतिसाद:
रानशेणी मस्त! विटांबद्दल: वीट भाजलेली किंवा साच्यातली. भेंडाही नको, तो चिखलाचा. सरळ 'गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या मातीच्या लाद्या' लिहा, पुढे नुसतं 'लाद्या'. छताला 'माळवद' म्हणायचा मोह होईल, पण माळवदाला दाट लाकूड लागतं. त्यांचं छत पाऊस थांबल्यावरही गळत राही, म्हणून आतून कापड ताणून बांधत, माती आणि कधीमधी सापसुद्धा त्यातच पडे. आमच्या जुन्या घरात याच कामासाठी चांदवा असायचा.

प्रश्नकर्ती:
चांदवा घेतला. शेवटचं: पाच वर्षांनी कचेरीत दोन साक्षीदार उभे करून राहणं आणि कसणं सिद्ध करावं लागे, त्याला काय म्हणू? 'पुरावा सादर करणे' फार सरकारी वाटतं.

प्रतिसाद:
वहिवाट शाबीत करणे. जुन्या निवाड्यांत पानोपानी सापडेल, आणि कोर्टात जमिनीचा दावा पडलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा, त्यांना कळेल.