पूर्वसूचना, पूर्वाभास, चिंता, काळजी : ख्रिस्ती लेखनात कोणता शब्द कुठे?
(एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पानवही
एका ख्रिस्ती मननपत्रिकेच्या मजकुरावर काम चालू आहे. विषय : पुढे काहीतरी वाईट होणार असं आतून वाटत राहणं, आणि उद्याची चिंता. त्या 'आतून वाटण्या'साठी मसुद्यात 'पूर्वसूचना', 'पूर्वाभास' आणि 'मनात पाल चुकचुकली' असे तीन पर्याय पडले आहेत. एकच ठेवायचा तर कोणता? दुसरं, बायबलमध्ये मत्तय ६:३४ मध्ये 'चिंता' आहे आणि १ पेत्र ५:७ मध्ये 'चिंता' नि 'काळजी' दोन्ही आहेत. हे शब्द समानार्थी धरून एकाच्या जागी दुसरा चालेल का?

शब्दसाखळी
'पूर्वसूचना' आधी काढा. सूचना म्हटली की ती देणारा आलाच. 'पूर्वसूचना न देता गैरहजर' असं आपण म्हणतो, तेव्हा कोणी कोणाला कळवायचं होतं हे ठरलेलं असतं. मनातल्या अस्पष्ट भीतीला हा शब्द लावला की ती देवाकडून आली हे परस्पर ठरून जातं. ते पारखायचं काम वाचकाचं आहे, नामाने ते उरकून टाकू नये.

'पूर्वाभास' चालेल. आभास खराही ठरतो, खोटाही, आणि ही दोन्ही दारं शब्दातच उघडी आहेत. 'चाहूल' सुंदर आहे, पण चाहूल लागते ती खरोखर येणाऱ्याची. 'धास्ती'ला विषय लागतो, कशाची तरी धास्ती. 'धाकधूक' निकाल लागायचा असतो तेव्हाची. 'हुरहूर' इथे फार कोवळी पडेल.

पालीबद्दल : आज त्या वाक्प्रचाराचा अर्थ 'शंका आली' एवढाच उरला आहे, एरवी कोणीही बेलाशक वापरावा. पण मूळ शकुनाचं आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात १८:१० मध्ये निषिद्ध गोष्टींच्या यादीत शकुन पाहणं येतं आणि तिथला हिब्रू धातू 'नाहश' नेमका खाणाखुणांवरून भाकीत काढण्याचा आहे. शकुन आणि प्रार्थना यांतला फरक सांगणाऱ्या लेखातच पाल चुकचुकली, तर लेख स्वतःचाच पाय ओढेल.

वाचनपीठ
दुसऱ्या प्रश्नावर थोडं सविस्तर, कारण इथे मराठी नव्या कराराच्या मूळ ग्रीकपेक्षा नेमकी आहे.

मत्तय ६:२५–३४ या दहा ओळींत 'मेरिम्नाओ' हे क्रियापद सहा वेळा येतं, त्यातलं दोनदा एकट्या ३४ व्या ओळीत. सगळीकडे अर्थ 'चिंता करणे'. पण हेच क्रियापद फिलिप्पै २:२० मध्ये प्रेषित पौलाचा सहकारी तीमथ्य याच्या कौतुकात आहे : तुमची मनापासून काळजी घेईल असा दुसरा कोणी नाही. त्याच पत्रात ४:६ ला पुन्हा तेच क्रियापद, आता 'कशाचीही चिंता करू नका' म्हणून. ग्रीक वाचकाला फरक संदर्भावरून काढावा लागतो. मराठीत तो सहायक क्रियापदानेच होतो : काळजी करणे वेगळं, काळजी घेणे वेगळं. तुमच्या पत्रिकेचा कणा इथे सापडेल असं मला वाटतं. बंदी 'करण्या'वर आहे, 'घेण्या'वर नाही. नीतिसूत्रे २२:३ मधला शहाणा माणूस संकट दिसताच आडोशाला जातो आणि त्याबद्दल त्याला कोणी अल्पविश्वासी म्हणत नाही.

१ पेत्र ५:७ मध्ये मात्र ग्रीकमध्येही शब्द दोन आहेत. टाकायची ती 'मेरिम्ना', आणि देवाच्या बाजूला 'मेलेइ', म्हणजे त्याला तुमचं पडलेलं आहे. म्हणून 'चिंता टाका' आणि 'काळजी घेतो' ही प्रचलित जोडी मोडू नका. दोन्हीकडे 'काळजी' घातलं तर कानाला गोड यमक मिळेल, पण मूळात नसलेलं.

एक सावधगिरी. 'मेरिम्ना म्हणजे दुभंगलेलं मन' असं प्रवचनांतून सर्रास सांगतात, 'वाटणे, विभागणे' या धातूशी नातं जोडून. व्युत्पत्तिकोश हा शब्द 'स्मरणा'तल्या 'स्मर्'च्या कुळात बसवतात. दुभंगाची गोष्ट छापू नका.

आता माझा आवडता शब्द. लूक १२:२९ मध्ये तोच उपदेश पुन्हा येतो, पण क्रियापद 'मेतेओरिझोमाइ'. नव्या करारात ते फक्त इथे आहे. मूळ अर्थ वर उचललं जाणं, अधांतरी असणं. मराठीत यासाठी काही शोधायलाच नको : जीव टांगणीला लावून बसू नका. जमीन पायाखाली नाही आणि खालीही पडत नाही, ही अवस्था आपल्या वाक्प्रचारात जशीच्या तशी आहे.

शब्दसाखळी
टांगणी एकदम पटली. मार्क १३:११ चं 'प्रोमेरिम्नाओ' पण घ्या : 'प्रो' म्हणजे आधी. पकडून नेतील तेव्हा काय बोलायचं याची *आधीपासून* चिंता नको. तेही नव्या करारात एकदाच येतं.

गलबत
पूर्वाभास आणि संदेश यांतला फरक दाखवायला प्रेषितांची कृत्ये २७ घ्या. यहुद्यांचा प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपवास होऊन गेलेला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर उलटत आलेला, समुद्र धोक्याचा. कैदी म्हणून जहाजाने रोमला निघालेला पौल सांगतो : मला दिसतंय, या प्रवासात माल, जहाज आणि आपले जीवही जातील. तीनदा जहाज फुटल्याचा अनुभव असलेल्या माणसाचा हा अंदाज. पुढे वादळात तोच उभा राहून सांगतो : देवदूताने कळवलंय, जहाज जाईल, जीव एकही जाणार नाही. आणि २७६ जण माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागतात.

म्हणजे प्रेषिताचाही अंदाज अर्धा बरोबर, अर्धा चूक. पहिल्या वाक्यात 'मला दिसतंय', दुसऱ्यात 'मला सांगितलं गेलं'. पत्रिकेत ही दोन क्रियापदं कधीही एकमेकांच्या जागी जाऊ देऊ नका.

त्याच पुस्तकातल्या अगब या संदेष्ट्याचंही पाहा. अध्याय ११ मध्ये तो दुष्काळ सांगतो आणि शिष्य ऐपतीप्रमाणे मदत गोळा करून पाठवतात. अध्याय २१ मध्ये पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून अटक सांगतो, तरी पौल यरुशलेमला जातोच. एकीकडे आगाऊ कळल्यावर हाती काम आलं, दुसरीकडे धैर्य. हात बांधून टांगणीला बसण्याचं उदाहरण एकाही ठिकाणी नाही.

ओसरी
शब्द ठरले, पण वाचक विचारेल की रात्री दोन वाजता छाती धडधडते तेव्हा काय करू. तेही लिहा, आणि नेमकं लिहा.

आधी शरीर. 'आता काहीतरी भयंकर होणार' ही भावना अचानक उसळणं हे हृदयविकाराचा झटका, तीव्र ॲलर्जी किंवा पॅनिक अटॅकचं लक्षण असू शकतं. सोबत छातीत दुखणं, घाम, धाप, ओठ किंवा चेहरा सुजणं यांतलं काही असेल, तर अर्थ लावत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावं. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे जाणं हा विश्वासाचा तुटवडा नव्हे.

तसं काही नसेल तर वही. तारीख घालून एका ओळीत लिहायचं : नेमकं काय होईल असं वाटतंय. इथेच पुष्कळ पूर्वाभास विरतात, कारण 'काहीतरी' याच्यापुढे वाक्य जात नाही. वाक्य झालंच तर त्याखाली : आज करता येण्यासारखं एक काम कोणतं? फोन, तपासणी, दुरुस्ती, माफी. ते करायचं. उरलेलं फिलिप्पै ४:६ प्रमाणे मागणं करून मांडायचं. तिथला 'मागणी'चा शब्द अनेकवचनी आहे, म्हणजे एकेक बाब नाव घेऊन. 'सगळं नीट होऊ दे' एवढ्यावर थांबलं की भीती पहिल्यासारखीच धूसर राहते.

महिनाभराने वही उघडायची. खरा ठरलेला एक पूर्वाभास आयुष्यभर लक्षात राहतो, खोटे ठरलेले आठवडाभरात विसरतात, म्हणून तारीख महत्त्वाची. अनुवाद १८:२२ ची कसोटी हीच : बोललेलं घडलं का?

दुसऱ्याबद्दल वाटलं तर 'देवाने मला दाखवलं' म्हणून निरोप धाडू नये. त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि 'कसे आहात?' असं विचारावं.

पानवही
सर्वांचे आभार. दुरुस्त मजकूर असा : "पुष्कळांना संकटाचा पूर्वाभास मिळतो. तो आला म्हणून जीव टांगणीला लावू नका. काळजी घ्या, चिंता त्याच्यावर टाका."

शब्दसाखळी
'मिळतो' नको, 'होतो' करा. 'मिळतो' म्हटलं की देणारा मागच्या दाराने पुन्हा आत येतो. आणि शेवटी 'त्याच्यावर' म्हणजे कोणावर ते कळत नाही, आधीचा 'तो' पूर्वाभासाचा आहे. तिथे सरळ 'देवावर' लिहा.