क्रिकेट सट्टा कायदेशीर केला तर राज्याच्या तिजोरीत नेमकं किती पडेल?

हिशोबनीस
महसुलाचा विषय निघाला की "सट्टा चालतोच आहे, मग परवाने देऊन कर का घेऊ नये?" असं हमखास म्हटलं जातं. महाराष्ट्राने उद्या ठरवलंच, तर कायद्यात बसेल का? आणि हाती काय लागेल?

नोंद_३४
पैज आणि जुगार हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला (राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीतला) विषय, नोंद ३४. म्हणजे १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून खिडकीवरच्या, म्हणजे प्रत्यक्ष दुकानात जाऊन लावायच्या पैजेला परवाना देता येईल. रेसकोर्सवर घोड्यांवरची पैज आजही कायदेशीरच आहे. अडतं पुढे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. धंदा आहे मोबाइलवर, आणि राज्याला उघडता येणार खिडकी!

दुसरी गोष्ट फारसं कुणी काढत नाही. पैजेवर कर लावायचा अधिकार राज्याला नोंद ६२ मधून होता. १०१व्या घटनादुरुस्तीत तो गेला. आता जीएसटी, त्यातला निम्मा राज्याचा, आणि दर ठरवणार केंद्र-राज्यांची जीएसटी परिषद. राज्याच्या एकट्याच्या हातात उरते ती परवाना फी.

आकडेमोड
उलाढालीलाच, म्हणजे लागलेल्या एकूण पैजांनाच महसूल धरतात, घोळ तिथे आहे. बरोबरीच्या सामन्यात दोन्ही संघांचा भाव १.९० धरा, म्हणजे शंभर लावून जिंकलात तर १९० परत. दोन्हीकडे शंभर-शंभर लागले, २०० जमले, जिंकणाऱ्याला १९० गेले. बुकीला सुटले १०, म्हणजे उलाढालीच्या ५ टक्के. जीएसटी मात्र पैजेच्या पूर्ण रकमेवर आहे: आधी २८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०. शंभराच्या पैजेवर कर ४० रुपये आणि बुकीची कमाई ५. तो कर फंटरकडून, म्हणजे पैज लावणाऱ्याकडून घेतला तर फंटर फोनवरच्या बुकीकडे जाणार, जिथे कर नाही, टीडीएस नाही आणि उधारीही चालते.

ब्रिटन याच खड्ड्यात पडलं होतं. बुकींनी फोनवरचा धंदा जिब्राल्टर या कमी कराच्या ब्रिटिश प्रदेशात हलवला. शेवटी २००१ मध्ये उलाढालीवरचा कर काढून बुकीच्या नफ्यावर १५ टक्के लावला, तेव्हा धंदा परत आला.

मैदानावरची_नजर
हिशोब बरोबर आहे, पण सगळं पैशात मोजू नका. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेटवरची पैज कायदेशीर करा म्हटलं, ते आयपीएलमधल्या फिक्सिंगच्या पार्श्वभूमीवर. नोंदणीकृत बाजारात एखाद्या सेशनवर (ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरच्या पैजेवर) अचानक मोठी रक्कम आली तर कुणाच्या खात्यातून, किती वाजता, हे दिसतं. रोखीच्या वहीत ते दिसत नाही. विधी आयोगाच्या २७६व्या अहवालानेही (२०१८) पैजा आधार-पॅनला जोडलेल्या आणि रोखीविना असाव्यात असं सुचवलं. मला यासाठी परवाने हवेत, महसूल दुय्यम.

आकडेमोड
त्या कारणासाठी मांडा, हरकत नाही. शाळा-रस्त्यांच्या नावाने मांडू नका. कर नफ्यावर २० टक्के आणि नफा उलाढालीच्या ५ टक्के धरला, तरी १०० कोटी मिळवायला १०,००० कोटींच्या पैजा लागतील आणि लोक ५०० कोटी हरतील. हेच ५०० कोटी किराणा-कपड्यांवर खर्च झाले असते तर त्यावरही जीएसटी आलाच असता. तो वजा केल्याशिवाय १०० कोटींना नवा महसूल म्हणता येणार नाही.