मदत हवी आहे: मॉडेल टीला बंपर लावावा का?

आजोबांची १९२४ ची फोर्ड मॉडेल टी पुन्हा रस्त्यावर आणतोय. तेव्हा या गाड्या बहुतेक बंपरशिवायच यायच्या. हौशी मालक स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचा बंपर बाजारातून आणून बसवत. आमच्या गाडीला तो नाही. रेडिएटर अगदी पुढ्यात, त्यामुळे आजच्या गर्दीत जरा धक्का लागला तरी नळ्या फुटायची धास्ती. पण तिचा तो मोकळा, सडपातळ चेहरा झाकायला मन होत नाही!

लावलाच तर चॅसिसला भोक न पाडता क्लॅम्पवर बसणारा हवा. मुलामा निकेलचाच, किंचित पिवळसर झाकेचा. क्रोमची निळसर चकाकी गाड्यांवर नंतर आली. पुण्या-मुंबईत असं निकेल प्लेटिंग नीट करून देणारं कुणी आहे का? ज्यांनी बंपर लावलाय, त्यांनी कृपया समोरून काढलेला फोटो टाका.