दिवाडीतल्या जुन्या घरासाठी कर्ज मिळत नाहीये – मदत हवी आहे (तातडीची)

सदाफुली७ (बुधवार, रात्री ९:४०)
गोव्यात दिवाडी बेटावर एक जुनं कौलारू घर घेतोय. बँकेने फाइल परत पाठवली, 'टायटल क्लिअर नाही' एवढंच सांगतात. मालक म्हणतात की कागद सगळे व्यवस्थित आहेत, बाहेरच्या बँकांना गोव्याचे कागद कळत नाहीत. शुक्रवारी ५ लाख टोकन द्यायचं ठरलंय. दिवाडीतल्या घरांना कर्ज देणारी बँक कुणाला माहीत आहे का? कृपया 'घेऊ नका' असे सल्ले नकोत, निर्णय झालाय.

मांडवीकाठ
बँक नंतर बघू. आधी हे सांगा:
नमुना १ व १४ वर कब्जेदार म्हणून कुणाची नावं आहेत? 'कुळ' आणि 'इतर हक्क' हे दोन रकाने कोरे आहेत का? विकणारे किती जण आहेत, आणि त्यांच्या नवरा-बायकोंच्या सह्या होणार आहेत का?

चिरेबंद
भिंती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) आहेत की मातीच्या? गिलावा सिमेंटचा असेल तर किंमत पाडून मागा. चिऱ्याच्या घरात सिमेंटने वाट लागते.

सदाफुली७
@मांडवीकाठ, सातबारा बघितला आहे. मालकाच्या वडिलांचं नाव आहे. विकणारे एकच, पणजीला असतात, त्यांच्याकडे सगळ्यांची पॉवर ऑफ अॅटर्नी आहे.
@चिरेबंद, चिरा आहे. आत्ता तो विषय नाही.

मांडवीकाठ
'सगळ्यांची' म्हणजे कोणाकोणाची? वडील हयात आहेत का? आणि गोव्यात सातबारा नसतो. तुम्ही पाहिलाय तो नमुना १ व १४. त्यावर नाव असणं म्हणजे कब्जाची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. नाव वडिलांचं आणि वडील वारले असतील तर आज त्या घराला कागदोपत्री विकणाराच नाही. बँकेने हेच सांगितलंय, दोन शब्दांत.

सदाफुली७
वडील वारले, बरीच वर्षं झाली. तीन भावंडं. एक पणजीचे, एक बहीण लिस्बनला, तिसरे भाऊ वारले, त्यांची बायको-मुलं टोरोंटोत. घर ११०० चौ. मी. जागेत आहे, मागे १९०० चौ. मी. शेत आहे, ते याच सौद्यात आहे. झालं? आता बँकेचं सांगा.

मांडवीकाठ
नाही झालं. तुम्ही आत्ता चार नवीन गोष्टी सांगितल्यात आणि चारही मोठ्या आहेत.

वारस कोण हे ठरवणारा कागद हवा. गोव्यात त्याला बोलीत हाबिलिटाशन म्हणतात, इंग्रजीत डीड ऑफ सक्सेशन. ते विशेष नोटरीसमोर, म्हणजे उपनिबंधक कार्यालयात होतं. २०१२ चा वारसा कायदा २२ डिसेंबर २०१६ पासून लागू आहे, त्याआधी जुन्या पोर्तुगीज नियमांप्रमाणे होत असे. जुनं असलं तरी चालतं, पण त्यात वडील वारले तेव्हाचे वारस असतील. नंतर वारलेल्या भावाचं वेगळं करावं लागेल, नाहीतर टोरोंटोच्या मंडळींची सही कशाच्या आधारावर घेणार?

दुसरं, गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची संपत्ती सामाईक धरतात, निम्मी-निम्मी. त्यामुळे बहिणीच्या नवऱ्याची आणि पणजीकर भावाच्या बायकोचीही सही लागते. महाराष्ट्रातल्या सवयीने हे सुटतं आणि पुढे खरेदीखत अडकतं.

कुळागर
मांडवीकाठ यांचं सगळं बरोबर, पण हाबिलिटाशन पुरणार नाही. ते फक्त वारस कोण ते सांगतं, कोणाच्या वाट्याला काय ते नाही. तीन देशांत वारस विखुरलेत, इथे कोर्टात इन्व्हेंटरीच करायला हवी. मालमत्तेची यादी होते, वाटणी होते, मग ज्याच्या वाट्याला घर येईल तो विकतो. दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

मांडवीकाठ
सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार एकाच खरेदीखतावर एकत्र विकत असतील तर इन्व्हेंटरीची गरज नाही. वाटणी हवी ती कोणी सही करत नसेल तेव्हा, किंवा कोणाला एकट्याला तुकडा विकायचा असेल तेव्हा. वाटणीआधी 'हा कोपरा माझा' म्हणून विकता येत नाही. फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा विकता येतो, आणि परक्याला विकताना बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क असतो. एक वारस अज्ञान असेल तर मात्र कोर्टाची परवानगी घ्यावीच लागेल.
सदाफुली, टोरोंटोची मुलं १८ च्या वर आहेत का?

कुळागर
सगळे एकत्र सही करतील हे गृहीत धरताय तुम्ही. पाच वर्षांनी एकाने 'माझी पॉवर रद्द केली होती' म्हटलं की काय करणार? इन्व्हेंटरीला वेळ लागतो, पण एकदा झाली की प्रश्न मिटला. खरेदीदाराने घाई केली की त्याचं घर कोर्टात जातं.

सदाफुली७
मोठी मुलगी २२, धाकटा १६. हे मालकाने सांगितलंच नव्हतं की अडचण येईल. पॉवर ऑफ अॅटर्नीची झेरॉक्स आहे माझ्याकडे, लिस्बनची. टोरोंटोची येणार आहे असं म्हणाले.

हिशेबनीस
पॉवरबद्दल. परदेशात केलेली पॉवर एकतर भारतीय वकिलातीत साक्षांकित हवी किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारी यंत्रणेचं प्रमाणीकरण) केलेली. पोर्तुगाल आणि कॅनडा दोन्हीकडे अपोस्टिल चालतं. कागद भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. मजकुरात 'विक्री' हा शब्द, मालमत्तेचा सर्व्हे नंबर आणि पैसे घेण्याचा अधिकार तिन्ही लिहिलेलं हवं. 'माझ्या मालमत्तेची देखभाल करण्यासाठी' एवढ्यावर विक्री होत नाही. झेरॉक्सवर टोकन देऊ नका, मूळ प्रत बघा.

आणि १६ वर्षांच्या मुलाची आई पॉवर देऊन त्याचा हिस्सा विकू शकत नाही. तिथे कोर्टाची परवानगी हवीच.

कर: विकणाऱ्यांत अनिवासी आहेत, त्यामुळे ५० लाखांवरचा १ टक्का कापायचा नियम त्यांच्या हिश्श्याला लागू नाही. त्यांच्या हिश्श्यावर भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे १२.५ टक्के अधिक अधिभार आणि उपकर, तुम्हाला कापावं लागेल. कमी कपातीचं प्रमाणपत्र त्यांनी आयकर खात्याकडून आणलं नाही तर कपात नफ्यावर नाही, त्यांच्या हिश्श्याच्या पूर्ण रकमेवर होते. पणजीकर भाऊ 'सगळे पैसे माझ्या खात्यात टाका' म्हणाले तर नकार द्या. कपात चुकली तर वसुली खरेदीदाराकडून होते. बहीण पोर्तुगीज नागरिक आहे का, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) आहे का, तेही विचारा.

रानवारा
हे सगळं सोडा आणि शेजारच्या चोडण बेटावर बघा. फेरी तिथेही आहे, पण घरं जास्त मिळतात. आणि घर होमस्टे म्हणून चालवणार असाल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी लागते.

सदाफुली७
होमस्टे करायचं नाहीये, राहायचं आहे. चोडण नको.

खाजन
शेताबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दिवाडीची मागची शेतं बहुतेक खाजनं आहेत, मांडवीच्या भरतीच्या पातळीखालची. बांध आणि मानस यांच्यामुळे ती कोरडी राहतात. मानस म्हणजे लाकडी दारांची जलकपाट. ओहोटीला पाणी बाहेर जातं, भरतीला दार आपोआप मिटतं. ही व्यवस्था एकट्याची नसते. कुळांची संघटना बांध सांभाळते, मानशीच्या मासळीची पावणी (लिलाव) करते आणि त्या पैशातून बांध दुरुस्त होतो. एका शेताने आपला वाटा टाळला की खारं पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं तिथे कोरगूटसुद्धा (खारं पाणी सोसणारं भात) धड येत नाही.

कायद्याने: २०२३ च्या कायद्यानंतर भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकी दिली, त्यामुळे कुळाच्या रकान्यात नाव असेल तर तुमचे विक्रेते त्या शेताचे मालकच नसतील. आणि खाजनात बांधकाम सीआरझेडच्या (किनारी क्षेत्राच्या) नियमांत बसत नाही. शेत सौद्यातून बाहेर काढा, घर वेगळ्या सर्व्हे उपविभागात आहे का ते बघा. दोन्ही एकाच उपविभागात असतील तर आधी ते वेगळे करावे लागतील.

चिरेबंद
गिलाव्याचं सांगतोच, कारण कागद झाले तरी तेच घर तुमच्या गळ्यात पडणार आहे. खाडीजवळ जमिनीतून ओल चढते, बरोबर मीठ आणते. चिरा सच्छिद्र, त्यात चुन्याचा गिलावा असेल तर ओल बाहेर पडते आणि मीठ पापुद्र्यावर झडतं. सिमेंट लावलं की ओल आत अडकते, आणखी वर चढते, आणि सिमेंटच्या मागे चिऱ्याचा भुगा होतो. पहारीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर समजा. काढताना डागाच्या वर निदान एक मीटरपर्यंत काढा, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. मग भिजवून मुरवलेला चुना १ भाग, धुतलेली नदीची वाळू ३ भाग. एका थराची जाडी बोटापेक्षा कमी, आणि प्रत्येक थर काही दिवस ओला ठेवून मगच पुढचा. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यातच मीठ असतं. वासे भिंतीत जिथे शिरतात ती टोकं सुरीने टोचून बघा, वाळवी तिथूनच लागते.

मांडवीकाठ
@चिरेबंद, चांगलं लिहिलंय, पण घर घेता येईल का हेच अजून ठरलेलं नाही.
@सदाफुली, अजून एक. नमुन्यावर गाव कोणतं लिहिलंय? दिवाडीवरचं पिएदाद हे वस्तीचं नाव आहे, सर्व्हेचं गाव बहुधा गोलती असेल. आणि जुन्या कागदांवर 'नार्वे' असेल तर जपा. एक नार्वे दिवाडीवर आहे, दुसरं नदीपलीकडे डिचोली तालुक्यात.

रानवारा
नार्वे म्हणजे सप्तकोटेश्वराचं ना? ते पलीकडेच आहे.

खाजन
मूळ देऊळ दिवाडीच्या नार्व्यात होतं. पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव पलीकडे नेला, आणि तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नव्याने उभारायला लावलं. म्हणून दोन्ही नार्वे खरी. कागदावर तालुका बघा: तिसवाडी की डिचोली. पोर्तुगीज काळातल्या कागदांत तिसवाडीला 'इल्हास' म्हटलेलं असतं, म्हणजे बेटं.

सदाफुली७ (गुरुवार, दुपारी १:१५)
सर्व्हे खात्याच्या संकेतस्थळावरून आजच्या तारखेचा नमुना काढला. गाव गोलती, तालुका तिसवाडी. घर आणि शेत वेगळ्या उपविभागांत आहेत. शेताच्या कुळ रकान्यात एक नाव आहे. घराच्या इतर हक्क रकान्यात 'मुंडकार' असं लिहून एका बाईचं नाव आहे. मालक म्हणतात, ती त्यांच्या आजोबांची कामवाली होती, आता कोणी नाही. मुंडकार म्हणजे भाडेकरू का?

कुळागर
भाडेकरू नाही. मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर स्थायिक होऊन राहणारं कुटुंब. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला बाहेर काढता येत नाही, आणि पंचायत क्षेत्रात घरासह ३०० चौ. मी. पर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क आहे. हक्क वारसांकडे जातो. मालक बदलला तरी तो टिकतो, तुमच्याकडे ओझं म्हणून येतो. तुमच्या ११०० पैकी ३०० गेले तर अंगण, विहीर काय उरेल ते नकाशावर मोजून बघा. 'आता कोणी नाही' हे तोंडी चालणार नाही. आवारात दुसरं छोटं घर आहे का? त्याला पंचायतीचा घर क्रमांक कोणाच्या नावाने आहे?

सदाफुली७
आहे. विहिरीच्या पलीकडे, दोन खोल्या, कौलं पडलेली नाहीत. दारात तुळशीची कुंडी होती आणि दोरीवर कपडे वाळत होते. मला वाटलं शेजाऱ्यांचं आहे.

खाजन
मग तिथे कोणीतरी राहतंय. मालकाला न सांगता नव्हे, सांगून, त्यांच्यासोबतच जाऊन त्या कुटुंबाशी बोला. ती मंडळी तुमची रोजची शेजारी असणार आहेत. बेटावर रात्री-अपरात्री फेरी गाठायची वेळ आली तर हाक त्यांनाच द्यावी लागते. आणि विहीर दोन्ही घरं वापरत असतील, तेही विचारा.

हिशेबनीस
शुक्रवारचं टोकन थांबवा. मालकाला लेखी यादी द्या: हाबिलिटाशन दोन्ही, सर्व जोडीदारांची संमती, अज्ञान मुलासाठी कोर्टाची परवानगी, पॉवरच्या मूळ प्रती, जमीन नोंदणी कार्यालयातून वर्णन आणि नोंदणीचे जुने उतारे (पोर्तुगीज असतील तर अनुवादासह), उपनिबंधकाकडून ३० वर्षांचा बोजा दाखला, नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला. शिवाय वृत्तपत्रात जाहीर नोटीस, हरकतींना मुदत देऊन. हे हातात आलं की कोणतीही बँक फाइल उघडेल. बँक बदलून उपयोग नाही.

सदाफुली७
टोकन थांबवलं, आत्ताच फोन केला. ते नाराज झाले, पण यादी मागितली. शनिवारी जातोय. मुंडकाराचं कुटुंब ऐकायला तयार असेल तर त्यांचे ३०० चौ. मी. वेगळे करून उरलेलं घ्यायचं, असं होऊ शकतं का?

कुळागर
होतं. त्यांनी मामलतदाराकडे खरेदीचा अर्ज करायचा, किंमत ठरते, त्यांच्या नावाने भाग वेगळा होतो. ते आधी होऊ द्या, तुमचं खरेदीखत नंतर. आणि विहीर कोणाच्या भागात येते ते बघून पाणी भरण्याचा आणि तिच्यापर्यंत चालत जायचा हक्क दोन्ही खतांत लिहून घ्या, वाटेची रुंदी मीटरमध्ये.