द रोड वाचून संपवली. बापाचं चुकलं का?

पानगळ:
(शेवट सांगतेय, वाचायची असेल तर इथेच थांबा.)
कॉर्मॅक मकार्थी या अमेरिकन लेखकाची द रोड ही कादंबरी काल रात्री संपवली आणि मग झोपच लागेना, उठून लेकाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आले, ते सारखंच होतं तरी. जग उद्ध्वस्त झालेलं, सगळीकडे राख, बाप आणि मुलगा, सामानाची ढकलगाडी आणि पिस्तुलात दोन गोळ्या. त्या गोळ्या कशासाठी जपल्यात ते कळलं तेव्हा पुस्तक पालथं ठेवून नुसती बसून राहिले. पण डोक्यातून जात नाहीये ते वेगळंच. बाप गेल्यावर तीन दिवसांनी जो माणूस भेटतो त्याला बायको आहे, मुलं आहेत, आणि या दोघांच्या मागे जावं की नाही यावर त्यांच्यात आधी बोलणंही झालेलं असतं. म्हणजे चांगली माणसं होती की जवळपास! बापाने कुणावरच भरवसा ठेवला नाही म्हणून ती आधी भेटली नाहीत का?

निशिगंध:
नाही, मला अजिबात नाही वाटत तसं. ते तळघर आठवा, खायला म्हणून कोंडून ठेवलेली जिवंत माणसं. ते पाहिल्यावर कोण कुणाला हाक मारेल? त्याला एकदाही चुकून चालणार नव्हतं. आणि शेवटची गोळी पोरासाठीच ठेवली होती ना, पण ती त्याच्याच्याने झाडवत नाही, तू पुढे जा म्हणतो. ज्याने जन्मभर संशयच घेतला त्याने पोराला एकट्याला या जगात सोडायचं, हा भरवसा नाही तर काय?

दूरदिवा:
तळघराचं पटलं, पण चोराच्या प्रसंगाचं काय? गाडी पळवणाऱ्याला बाप पिस्तूल रोखून अंगावरचे सगळे कपडे काढायला लावतो, बूटसुद्धा, आणि त्या थंडीत तसाच सोडून देतो. पोरगा रडत राहतो, शेवटी दोघं मागे जातात, तो माणूस काही सापडत नाही, मग कपडे आणि बूट रस्त्यावर ठेवून येतात. मी तिथे बापावर खरंच चिडलो होतो. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला डब्यातली फळं द्यायचा हट्टही पोराचाच.

सांजवात:
ही कादंबरी सुचली कशी ते मकार्थीने 2007 च्या मुलाखतीत सांगितलंय. एल पासोच्या एका हॉटेलात चारेक वर्षांचा मुलगा झोपलेला, हा रात्री खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता आणि पन्नास-शंभर वर्षांनी हे गाव कसं दिसेल असा विचार मनात आला. स्वतः सत्तरीच्या आसपास. पुस्तक 2006 चं, अर्पणही त्या मुलालाच. हे कळल्यावर मी पुन्हा वाचली तर बापाचा खोकलाच जास्त ऐकू यायला लागला. आपण फार दिवस पुरणार नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो एवढा कडक. मला त्याला चूक म्हणवत नाही.

पानगळ:
सांजवात, खोकल्याचं वाचून परत पुस्तक उघडलं आणि कोकोचा प्रसंग सापडला. उरलेला सगळा कोको बाप पोराला देतो आणि स्वतःच्या कपात नुसतं गरम पाणी ओततो. पोराच्या ते लगेच लक्षात येतं, असं करणार नाही म्हणाला होतास ना, म्हणतो. आणि बाप निमूटपणे त्यातला थोडा कोको स्वतःच्या कपात ओतून घेतो. काल मी हे पान भराभर वाचून पुढे गेले होते.